पाच मिनिटं चालू ठेवलेली पद्मिनी

डेड स्टॉकवर मी तासतासभर बोलतो आणि माझ्याच पार्किंगमध्ये एक उभा आहे: बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी.

दर रविवारी खाली जायचं, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, वर येऊन चहा प्यायचा. झाली देखभाल! स्पष्ट सांगतो, त्यापेक्षा गाडी बंद ठेवलेली बरी. पाच मिनिटांत इंजिन नीट तापतच नाही. पेट्रोल जळून तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतं, आतून गंज धरतो. आणि ब्रेकची तर परीक्षाच होत नाही.

माझ्याकडे तेच झालं. गाडी एका सेल्फमध्ये चालू, पण गेटच्या उतारावर पेडल थेट खाली! चाकातल्या सिलिंडरची रबरं गेलेली. मागे मुलगी बसली होती. हँडब्रेकने वाचवलं.

आता पंधरा दिवसांतून एकदा, पहाटे, वीस-पंचवीस किलोमीटर फिरवतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलतो, कारण ते हवेतला ओलावा ओढतं. पेट्रोल थोडंच भरतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुने रबरी पाइप खराब करतं. तेही बदलून घेतले.

विकून टाक म्हणणारे हिशेबाने बरोबरच आहेत. काळीपिवळी पद्मिनीसुद्धा २०२३मध्ये मुंबईतून निवृत्त झाली. पण ठेवायचीच असेल तर तिचं खातं वेगळं लिहा: इन्शुरन्स, पीयूसी, टायर, मेकॅनिक. मी लिहिलं, बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "आणि पार्किंगचं भाडं?"

ते धरलंच नव्हतं.