एक तांडा, तीन याद्या

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची तीन राज्यांत वाटणी झाली. वाटणीचा निकष भाषेचा होता आणि तो न्याय्यच होता. मात्र ज्यांची भाषा मराठी, कन्नड वा तेलुगू यांपैकी एकही नव्हती, त्यांचा विचार कोणी केला नाही. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले. ते आज लातूर जिल्ह्यात मोडतात. बीदर म्हैसूरकडे गेले. जहीराबाद व नारायणखेड आंध्रकडे. नांदेडचा मुधोळ तालुका आंध्रात गेला आणि आदिलाबादचा किनवट नांदेडात आला. या साऱ्या पट्ट्यात विखुरलेल्या, गोरबोली बोलणाऱ्या बंजारा तांड्यांना एका दिवसात तीन सरकारे लाभली. सोयरीक पूर्वीचीच राहिली. कायदा मात्र वेगवेगळा झाला.

बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरणारा हा समाज. रेल्वेने त्याची लदेणी बुडवली. ब्रिटिशांनी १८७१ च्या कायद्याने अनेक भटक्या जमातींच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण बुडालेल्या धंद्याच्या जागी जमीन मिळाली नाही. १९७६ च्या केंद्रीय कायद्याने तेलंगणातील लंबाडांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. कर्नाटकात हाच समाज अनुसूचित जाती ठरला. महाराष्ट्रात तो विमुक्त जाती म्हणून नोंदला गेला आणि केंद्राच्या लेखी केवळ इतर मागास वर्ग राहिला. बीदरच्या तांड्यातून देवणीच्या तांड्यात नांदायला आलेल्या सुनेचा माहेरचा दाखला सासरी सवलतीच्या कामाचा नाही. गरिबी तीच, बोली तीच. बदलला तो केवळ सीमेचा दगड.

२ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य शासनाने मराठा समाजासाठी हैदराबाद गॅझेटचा आधार मान्य केला. त्यानंतर बंजारा समाजाचेही त्याच आधारावर अनुसूचित जमातीसाठी मोर्चे निघाले आणि आदिवासींचे प्रतिमोर्चेही निघाले. बंजारांची तक्रार खोटी नाही. पण किनवटच्या गोंड-कोलामांची भीतीही खोटी नाही. पलीकडे आदिलाबादेत २०१७ साली गोंड आणि लंबाडा एकमेकांसमोर उभे ठाकले होते. वाटा वाढवायचा नाही आणि वाटेकरी तेवढे वाढवायचे, या हिशोबातून दुसरे काय निघणार? निजामाच्या दफ्तरातील नोंद पुरावा होऊ शकते, हक्काचा उगम नव्हे. हक्क उगवतो तो आजच्या वंचनेतून. शिवाय घटनेच्या ३४२ व्या कलमानुसार यादीतील बदल संसदेच्या हाती आहे, हे ठाऊक असूनही मुंबईतून आश्वासने वाटणारे पुढारी तांड्याची फसवणूकच करतात.

यादीच्या गलबल्यात जमिनीचा प्रश्न हरवला आहे. तेलंगणाने २०१८ च्या पंचायत राज कायद्याने अनेक तांड्यांना स्वतंत्र ग्रामपंचायती दिल्या. कर्नाटकाने तांड्यांना महसुली गावांचा दर्जा देण्याचे धोरण घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये तेथे हजारो बंजारा कुटुंबांना घराच्या जागेचे हक्कपत्र मिळाले. यासाठी कोणत्याही समाजाचा वाटा हिरावावा लागला नाही. महाराष्ट्रात वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. त्यांच्या नावाची तांडा सुधार योजनाही आहे. तरीही अनेक तांडे आजही शेजारच्या गावाची शेपटी होऊन जगतात. दिवाळीनंतर मुखेड, कंधार, जळकोटचे तांडे ओस पडतात. कोयता घेऊन माणसे कारखान्याच्या फडावर जातात, पोरे पाठोपाठ जातात आणि शाळेचा पट मात्र कागदावर भरलेला राहतो. एक माणूस खुर्चीवर बसल्याने तांड्याच्या पायाखाली जमीन येत नाही, हा धडा पुरेसा महाग पडला आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी दाखल्याच्या रांगेत गरिबाविरुद्ध गरीब उभा करण्याच्या खेळात सामील होऊ नये. प्रत्येक तांड्याला महसुली गावाचा दर्जा, घराखालच्या जागेचा सातबारा, ऊसतोड मजुराला नोंदणी व रास्त मजुरी, मुलांना हंगामभर वसतिगृह आणि पहिल्या इयत्तेत गोरबोली समजणारा शिक्षक, या मागण्यांवर गोंड, कोलाम, बंजारा आणि भूमिहीन मराठा एकाच मोर्चात चालू शकतात. १९५६ ची सीमा पुसता येणार नाही. तिने पाडलेली दरी बुजवणे मात्र हाती आहे.