वनौषधिविचार : खरा अशोक कोणता?

गेल्या चैत्रांत एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या कुंपणाचा ‘अशोक’ आम्हांस कौतुकानें दाखविला. झाड उंच, सरळ. पानें लांब, कडांना लाटा असलेलीं. “बाबा रे, हा आसोपालव, अशोक नव्हे,” असें आम्हीं सांगतांच तो ओशाळला, कारण अंगावरून फार जातें म्हणून त्याचीच साल उकळून घरच्या गृहिणीस दिली जात होती! नामसाम्याचा हा घोटाळा पुष्कळ घरीं होतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

खरा अशोक तो सीताअशोक. एका देठावर पानांच्या जोड्या, कोवळी पालवी तांबूस व लोंबती, फुलांचे झुबके आधीं नारिंगी, मग तांबडे. आसोपालवाचीं फुलें फिकट हिरवट असतात. बाजारांत सीताअशोकाच्या सालींत आसोपालवाची साल सर्रास मिसळतात. म्हणून साल जाणत्या वैद्याकडूनच घ्यावी.

चरकाचार्यांनीं अशोकाची गणना वेदनास्थापन द्रव्यांत केली आहे. साल तुरट व स्तंभक. रक्तप्रदरांत तिचा क्षीरपाक देण्याची परंपरा आहे. सालीच्या आठपट दूध व बत्तीसपट पाणी घालून, दूध तेवढें उरेपर्यंत आटवावयाचें. अशोकारिष्ट तर घरोघरीं ठाऊक आहे. मात्र आधुनिक कसोट्या अद्याप थोड्या झाल्या आहेत, आणि गर्भवतीनें हें औषध आपल्या मनानें घेऊं नये.

आतां घरचीच एक गोष्ट सांगतों. आमच्या थोरल्या वहिनींस पाळी थांबून चार वर्षें लोटल्यावर पुन्हा रक्त दिसूं लागलें. संकोचानें त्या बोलल्या नाहींत. आम्हींही विचारलें नाहीं. तीन महिने अशोकाचा काढा चालला. शेवटीं डॉक्टरांनीं तपासलें, तों गर्भाशयाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, आज त्या सुखरूप आहेत. परंतु ते तीन महिने आम्हांस अजून सलतात. साल खरी होती. चूक आमच्या मौनाची होती.

तेव्हां पाळी बंद झाल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलें, दोन पाळ्यांच्या मध्यें जाऊं लागलें, किंवा अतिस्रावानें चेहरा पांढरा पडून धाप लागूं लागली, तर आधीं डॉक्टरांकडून तपासणी, काढ्याचा विचार मागाहून. सासवासुनांनीं हें पान एकत्र बसून वाचावें, आणि पुरुष मंडळींनींही लाजून उलटूं नये, एवढीच आमची विनंती आहे.