कर्लीच्या खोऱ्यात भात पिकेल, पण घर चालेल काय?

२०२०च्या टाळेबंदीत मुंबईहून सिंधुदुर्गात परतलेल्या अनेक चाकरमान्यांच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला : गावच्या जमिनीवर स्वयंपूर्ण जगता येईल काय? कुडाळ तालुक्यातील कर्ली नदीचे खोरे पाहिले की उत्तर होकारार्थीच वाटते. कुडाळजवळ भंगसाळ म्हणून ओळखली जाणारी ही नदी देवबागपाशी समुद्राला मिळते. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, काठाला भातखाचरे, माड, वर काजूच्या बागा.

तथापि, या खोऱ्याची परीक्षा जुलैत नव्हे, एप्रिलमध्ये घ्यावी लागते. बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो. जांभ्याची जमीन पाणी धरत नाही आणि तीव्र उतारावरून ते खाडीला जाऊन मिळते. पावसाळा सरताच ओहोळांवर गोण्यांचे वनराई बंधारे घातले जातात ते यासाठीच. बंधाऱ्याचे किंवा बारमाही विहिरीचे पाणी असेल तेथे वायंगणी भात व भाजीपाला साधतो. उर्वरित जमीन पावसाळी भातावर थांबते. फार तर मागच्या ओलीवर कुळीथ. नदीकाठचे गाव म्हणजे पाण्याखालची जमीन नव्हे, हे जमीन दाखवणारे सहसा सांगत नाहीत.

पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला साडेसातशे किलो तांदूळ, म्हणजे सुमारे ११ क्विंटल भात लागतो असे धरल्यास बऱ्यापैकी पिकणारा एक एकर पुरतो. तेल, डाळ, औषधे, मुलांचे शिक्षण यांना मात्र रोकड हवी. ती काजू-आंब्यातून यायची, आणि मोहोराच्या वेळी अवकाळी पाऊस झाला की तीही बुडते. ‘पूर्वी भागतच होते ना,’ असे म्हटले जाते. पूर्वी दरमहा मुंबईची मनिऑर्डर येत असे! १९८२च्या गिरणी संपानंतर ती आटली, तेव्हा नुसत्या शेतीवर घर चालत नव्हते हे उघड झाले.

जमिनीचा हक्क ही आणखी एक अडचण. १९४८च्या कुळवहिवाट कायद्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. वडिलोपार्जित असेल, तर सातबारावर डझनभर सहहिस्सेदार, निम्मे डोंबिवली-विरारला. वाटप न झालेल्या जमिनीत विहीर खणायची म्हटली तरी भाऊबंदकी उभी राहते. त्यात माकडे, रानडुकरे आहेतच. माणगाव खोऱ्यात तर २०१५मध्ये हत्ती पकडण्याची मोहीम वनखात्याला राबवावी लागली.

निवृत्तिवेतन असलेल्या दाम्पत्याला हे खोरे सोयीचे आहे. प्रकृती धडधाकट असावी एवढेच, कारण गंभीर रुग्णाला आजही अनेकदा गोव्यात बांबोळीला न्यावे लागते. नोकरी सोडून लहान मुलांसह निघालेल्या कुटुंबाला मात्र घरातील एक जण कुडाळ वा सावंतवाडीत पगारावर ठेवावा लागेल.