डब्यातली आमसुलं

शिमग्याला, गणपतीला जोगेश्वरीहून चाकरमानी गावी येतो, तेव्हा हल्ली त्याच्या पिशवीत पेढ्यांच्या पुड्याशेजारी वजन उतरवण्याच्या पावडरीचा डबाही असतो. पथ्य नको, मेहनत नको, महिन्याभरात अंग हलकं! आधी घरातली वहिनी घेते, तिचं बघून शेजारीण. पुढच्या खेपेला पाच डबे येतात. विकणारा घरचाच, मग आत काय आहे हे विचारायचं कुणी?

यातल्या कित्येक डब्यांवर 'गार्सिनिया' असे नाव असते. नाव परके असले तरी कूळ आपल्या कोकमाचेच आहे. केरळातल्या कुडमपुळीच्या सालीतले हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल या गोळ्यांत भरतात. तेच आपल्या आमसुलातही असते. १९९८ साली अमेरिकेत १३५ जाड माणसांवर बारा आठवडे त्याची परीक्षा झाली. काहींना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची, आणि जेवण सगळ्यांचेच कमी केलेले. वजन दोन्हीकडे उतरले, पण खऱ्या गोळीवाल्यांचे काही जास्त उतरले नाही. उलट अशा गोळ्यांनंतर यकृत बिघडल्याच्या नोंदी डॉक्टरांकडे आहेत. ज्याच्या परड्यात कोकमाचे झाड आहे त्याने हा डबा विकत घ्यावा, याला काय म्हणावे!

नुसते पैसे गेले असते तर एक वेळ सोडून दिले असते. सिब्युट्रामिन नावाचे भूक मारणारे औषध हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवते म्हणून २०११ साली आपल्या देशात बंद झाले. पण 'शुद्ध वनस्पतीचे' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात ते चोरून घातलेले तपासणीत पुन्हा पुन्हा सापडले आहे. तेव्हा ज्या डब्याने भराभर वजन उतरते, त्याचाच संशय आधी धरावा. रक्तदाबाच्या माणसाने असा डबा सुरू करून वर डॉक्टरची गोळी सोडली, तर त्याच्या जिवाशीच गाठ आहे.

लठ्ठपणावरच्या औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. म्हणून विकणारे मालाला औषध म्हणतच नाहीत, अन्न म्हणतात. हरकत नाही. अन्नालाही २००६ चा कायदा आहे. डब्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक हवा, औषध म्हणून वापरू नये असे छापलेले हवे, आणि फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे.

'मोफत वजन तपासणी शिबिरा'साठी सभागृह मागायला कुणी आला, तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात) आधी माल बघावा, परवाना आणि बिलबुक मागावे. ते नसेल तर सभागृहाची किल्ली देऊ नये आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला कळवावे. ज्यांनी डबा आधीच घेतलाय त्यांनी तो फेकून देऊ नये. छाती धडधडली, डोळे पिवळे दिसले, तर तो डबा घेऊनच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.