दाखला सापडला, आजोबा सापडले काय?

गोव्यातील पुष्कळ घरांत आजोबांच्या नावाचा शोध चालू आहे. पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता यावा म्हणून १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्या वाडवडिलांचे दाखले तरुण मंडळी हुडकीत आहेत. पोटासाठी परदेशी जाणाऱ्यांना दोष देण्याचे आम्हांला कारण नाही. गोमंतकीय पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला, आफ्रिकेला गेलाच आहे. खंत आहे ती निराळीच. दाखला हाती आला की शोध संपतो, आणि आजोबा अनोळखीच राहतात.

दाखल्यात नाव व तारीख असते. मी कोण, याचे उत्तर नसते. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा सोळाव्या शतकात फोंड्याकडे का आल्या, हे ज्या मुलाला ठाऊक नाही, त्याला कुलदैवताची यात्रा म्हणजे केवळ सहल वाटणार. फातर्प्याची कुंकळ्ळीकरीण देवी दरवर्षी आपल्या मूळ गावी जाते, तेव्हा मिरवणुकीत बारा वांगडांच्या बारा छत्र्या असतात, आणि त्या वांगडांत हिंदू आहेत तसेच ख्रिस्तीही आहेत. आपले कूळ ज्याला कळले, त्याला शेजाऱ्याचेही कळते. असा तरुण कोणाच्या चिथावणीला सहसा बळी पडत नाही.

मात्र कुळकथा म्हणजे कुळाची बढाई नव्हे. राजाराम रंगाजी पैंगीणकर यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘मी कोण?’ हेच नाव दिले. ते कलावंत समाजात जन्मले. समाजाने वाट्याला दिलेली अवहेलना त्यांनी झाकून ठेवली नाही. ती उघडपणे मांडली आणि ती दूर करण्यासाठी झटले. ज्या घराने मुंडकाराला अंगणाबाहेर उभे केले, त्या घराच्या नातवालाही ते कळले पाहिजे. अर्धा इतिहास अभिमान देईल, पण शहाणपण पुरा इतिहासच देतो.

येत्या चतुर्थीला माटोळीखाली सारे कुटुंब मूळ घरी जमेल. आरत्या आटोपल्यावर एक संध्याकाळ या कामासाठी राखावी, आणि घरातील वृद्ध स्त्रियांना आधी बोलते करावे. लग्नात ज्यांचे नावसुद्धा बदलले, त्यांची कहाणी कोणत्याच वंशावळीत लिहिलेली नाही. कचेरीतील दाखला उद्याही मिळेल. आजीची आठवण तिच्याबरोबरच जाईल.