एकाच पिशवीत भाकरी अन् औषध?



सोनारीहून परंड्याला फटफटीवर गेलेला आपला माणूस परततो, तेव्हा हँडलला एकच पिशवी लोंबत असते. तीत भाजी, पोरांचा खाऊ, चहाची पुडी आणि तणनाशकाची बाटली! आम्ही हे नेहमी पाहतो. खरे सांगायचे तर आमचेही तेच होते. एकदा बेणेप्रक्रियेच्या कार्बेन्डाझिमची पुडी आमच्याच पिशवीत फुटली. ऊसनोंदीची वही झटकून घेतली; फडक्यातली भाकरी मात्र पुरून टाकावी लागली. त्या दिवशी उपाशी राहिलो, पण शहाणे झालो.

आपण विषाला ‘औषध’ म्हणतो, तिथेच भीती मरते. खाद्यपदार्थ किंवा पशुखाद्याला लागतील अशा रीतीने कीटकनाशके नेऊ नयेत, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही आहे. म्हणजे पेंडीच्या पोत्यावर बाटली बांधणेही चुकीचेच.

कोणी म्हणेल, एका बाटलीसाठी दुसरी खेप कशी परवडावी? दुसरी खेप नकोच, दुसरी पिशवी हवी. औषध मागे, झाकणाच्या डब्यात, बूच वर करून घट्ट बांधा. भाकरी-भाजी पुढे ठेवा. कोयता गोणपाटात गुंडाळा. युरियाचे ४५ किलोचे पोते टाकीवर घेऊ नका, हँडल वळत नाही.

एकरी टन वाढवायला आम्ही आहोतच. पण उसाचे बिल घरी नेणारा माणूस आधी धड राहिला पाहिजे.

— ऊस विकास अधिकारी