प्रत आहे, पण गाणे कुठे आहे?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या शाळेच्या संगणकात स्नेहसंमेलनातील गाणी, प्रभातफेरीची समूहगीते, कदाचित एखाद्या आजींनी म्हटलेल्या ओव्याही साठवलेल्या असतील. त्यांची राखीव प्रत, म्हणजे आपण सर्रास ज्याला बॅकअप म्हणतो तो, घेतला आहे का असे विचारले तर उत्तर बहुधा 'हो' असेच येईल. आता दुसरा प्रश्न. त्या प्रतीवरून एखादे गाणे दुसऱ्या संगणकावर उतरवून कोणी ऐकले आहे का? या प्रश्नाला सहसा उत्तर येत नाही. माझे म्हणणे असे की, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल तर पहिल्याचे उत्तर 'ठाऊक नाही' असेच द्यायला हवे. पडताळा न घेतलेल्या विधानाला आपण गृहीतक म्हणतो. न उघडलेली राखीव प्रत हेही एक गृहीतकच होय.

हे मी का म्हणतो ते एका उदाहरणावरून पाहू. आमच्या म्हसवडच्या परिसरात ध्वनिमुद्रणाची आवड बरीच आहे. २००८ साली येथे 'माणदेशी तरंग' हे सामुदायिक नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि गावच्या माणसांचा आवाज गावच्या माणसांना रेडिओवर ऐकू येऊ लागला. पुढे मोबाईल घरोघर आले आणि ज्याला त्याला आपापले ध्वनिमुद्रण करता येऊ लागले. येथल्याच एका भजनी मंडळाने काही वर्षांत ६४० मुद्रणे जमवली होती. त्यांत भजने होती, सिद्धनाथाच्या रथयात्रेतील गजीनृत्याचे ढोल होते आणि काही वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्याही होत्या. एका उन्हाळ्यात संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली. मंडळी निर्धास्त होती, कारण बाहेरच्या डिस्कवर दरमहा प्रत घेतली जात होती आणि प्रत्येक वेळी पडद्यावर 'काम पूर्ण झाले' अशी हिरवी खूण येत होती.

नवा संगणक आला. प्रत उतरवली. पडद्यावर ६४० नावांची यादी अगदी जशीच्या तशी उमटली. पण प्रत्येक नावापुढे एक उद्गारचिन्ह, आणि बोट लावले तर आवाज नाही! भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला संगणकही दुरुस्त करता येतो असा आपल्याकडे एक गोड समज आहे, त्यामुळे मला बोलावणे आले.

अशा वेळी पहिले काम म्हणजे काहीही दुरुस्त न करणे. प्रयोगशाळेत एखाद्या पदार्थाचा एकच नमुना शिल्लक असेल तर आपण तो सगळाच्या सगळा परीक्षानळीत ओतत नाही. तसेच त्या डिस्कवर काहीही न लिहिता आधी तिची आणखी एक प्रत काढली आणि पुढची सर्व खटपट त्या प्रतीवर केली. घाईने 'पुन्हा प्रयत्न करा' हे बटण दाबत राहणारे लोक उरलेसुरलेही गमावतात, हे लक्षात ठेवा.

आता यादी आली पण गाणी नाहीत, हे कसे? ग्रंथालयाची नोंदवही आणि कपाटातील पुस्तके या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाणी सांभाळणाऱ्या संगणकीय प्रणालीतही एक नोंदवही असते. तिच्यात गाण्याचे नाव, गायकाचे नाव आणि ते गाणे कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरात आहे याचा पत्ता असतो. गाणे तिच्यात नसते. जुन्या संगणकात गाण्यांच्या ड्राइव्हला 'डी' हे अक्षर होते, नव्यात त्याच ड्राइव्हला 'ई' मिळाले. नोंदवही बिचारी 'डी'चे दार ठोठावत बसली. ते अक्षर बदलून पुन्हा 'डी' केले आणि ४०२ गाणी वाजू लागली. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, पण २३८ अजून मुकीच होती.

त्यांतली ५७ सापडली ती मोठी गमतीची जागा आहे, आणि आपण मराठी लिहिणाऱ्यांनी ती अवश्य समजून घ्यावी. ही सर्व गाणी 'यात्रा दुसऱ्या दिवसाची' या एका फोल्डरातील होती. फोल्डर जागेवर, नाव तेच, तरी संगणक म्हणे सापडत नाही! युनिकोड या संकेतप्रणालीत प्रत्येक अक्षराला एक अंक असतो. 'दुसऱ्या' या शब्दातील 'ऱ' मात्र दोन प्रकारांनी लिहिता येतो: एकतर ०९३१ हा त्याचा स्वतःचा अंक, किंवा साधा 'र' आणि त्याला जोडलेला नुक्ता असे दोन अंक. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण काही संगणक साठवताना पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर करतात आणि काही दोहोंना निरनिराळी नावे समजतात. नवा संगणक येईपर्यंत मंडळातील एका तरुणाने हा फोल्डर वेगळ्या घडणीच्या एका जुन्या संगणकावर उतरवला होता आणि तेथून गाठोडे बांधून आणला होता. वाटेत 'ऱ'चे दोन तुकडे झाले. नाव पुसून पुन्हा टंकित करताच सर्व ५७ गाणी वाजली. जेथे अशी मुद्रणे ठेवायची तेथे फाईलची नावे साधी, शक्यतो तारीख आणि क्रमांक अशी असावीत आणि सुंदर मराठी नावे यादीत लिहावीत, हे माझे मत तेव्हापासून पक्के झाले आहे.

राहिली १८१. त्यांपैकी ११ फाईली अर्धवट होत्या. प्रत पूर्ण होण्याआधीच कधीतरी कोणी वायर काढली असावी. गाणे सुरू होई आणि कडव्याच्या मध्येच तुटे. उरलेली १७० मात्र त्या डिस्कवर कधी नव्हतीच. मुद्रण करणाऱ्याने ती संगणकाच्या दर्शनी पडद्यावर, डेस्कटॉपवर ठेवली होती. नोंदवहीने त्यांचा पत्ता लिहून घेतला होता. प्रत घेणाऱ्या प्रणालीला मात्र 'गाणी' नावाचा एकच फोल्डर नेमून दिला होता. तिने तो इमानाने उचलला आणि हिरवी खूण दाखवली. खूण खोटी नव्हती. सांगितलेले काम पूर्ण झाले, एवढेच ती सांगत होती. १७० पैकी ९६ मुद्रणे निरनिराळ्या सदस्यांच्या मोबाईलमध्ये सापडली. ७४ गेली. त्यांत ज्या आजींच्या ओव्या होत्या, त्यांपैकी दोघी आता हयात नाहीत.

तुम्ही म्हणाल, पूर्वी असे होत नसे. हे अर्धेच खरे आहे. मिरजेत दीर्घकाळ राहिलेले आणि १९३७ साली निवर्तलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा आवाज आज आपण ऐकतो तो ध्वनिमुद्रिकांमुळे. ध्वनिमुद्रिकेच्या खाचेत प्रत्यक्ष ध्वनितरंगाचीच नक्षी असते. एक ओरखडा पडला तर 'टक्' असा आवाज येईल, पण गाणे पुढे चालू राहील. शिवाय एकाच साच्यातून अनेक मुद्रिका निघत आणि त्या गावोगावच्या घरांत विखुरल्या जात. मात्र हेही ध्यानात घ्या की त्या काळी ज्यांना कोणी मुद्रित केले नाही, त्या गळ्यांचे काहीच उरले नाही.

तरंगाची नक्षी किती टिकाऊ असते याचे नवल वाटावे असे उदाहरण फ्रान्सचे आहे. एदुआर-लेऑं स्कॉट याने १८६० साली काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ उमटवली. तो आवाज परत ऐकण्याची सोय त्याच्याकडे नव्हती, तसा त्याचा हेतूही नव्हता. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी त्या रेघेची प्रतिमा घेऊन संगणकाच्या साह्याने ती ऐकवली. प्रथम वाटले, एखादी मुलगी गाते आहे. स्कॉटने आवाजाशेजारी नादकाट्याची रेघही काढून ठेवली होती. त्या काट्याची कंपने मोजण्याची जुनी फ्रेंच रीत वेगळी होती, अर्ध्या आंदोलनालाच तेथे एक कंपन म्हणत. हे उमगल्यावर वेग निम्मा करावा लागला आणि मुलीच्या जागी पुरुषाचा आवाज आला, बहुधा खुद्द स्कॉटचाच! सोबत नादकाट्याची रेघ नसती तर ही चूक कधी सापडली असती का?

अंकीय मुद्रणात मात्र तरंग नसतो, अंक असतात. कॉम्पॅक्ट डिस्कच्या रीतीने मुद्रण केले तर दर सेकंदाला ४४,१०० वेळा मापन होते आणि तेही डाव्या-उजव्या अशा दोन्ही बाजूंसाठी. चार मिनिटांच्या गाण्यात अशी दोन कोटींहून अधिक मापने जमतात. हे अंक कसे वाचायचे ते सांगणारा मजकूर फाईलच्या सुरुवातीला असतो. तो बिघडला की पुढचे सारे अंक शाबूत असूनही गाणे मुके होते. नुकसान थोडे आणि मौन पूर्ण, असा हा प्रकार आहे. याच्या बदल्यात अंकांनी आपल्याला एक मोठी देणगीही दिली आहे: प्रत मुळाबरहुकूम आहे की नाही हे गणिताने तपासता येते. समजा मूळ अंक ४, ७, २, ९ आहेत. त्यांची बेरीज २२. वाटेत ७ आणि २ यांची अदलाबदल झाली तरी बेरीज २२ च राहते, चूक कळत नाही. पण पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने, चौथ्याला ४ ने गुणून बेरीज करा. मूळची येते ६०, बदललेली ६५. संगणक याच जातीची, पण कितीतरी अवघड बेरीज करून प्रत्येक फाईलचा एक तपासणी-अंक काढतो. प्रत घेतल्या दिवशी हे अंक लिहून ठेवले आणि वर्षाने पुन्हा काढून ताडून पाहिले, तर एका अंकाचा फरकही लपत नाही.

काही शिक्षकमित्र म्हणतात, आता सगळे इंटरनेटवर ठेवावे, मोठ्या कंपन्या सांभाळतील. मला हा भरवसा मान्य नाही. मायस्पेस या एकेकाळच्या बलाढ्य संकेतस्थळाने २०१९ साली कबूल केले की, एका यंत्रणेवरून दुसरीवर सामान हलवताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी ठेवलेले संगीत नाहीसे झाले. अंदाज पाच कोटींहून अधिक गाण्यांचा होता. आणखी एक घोळ असा की, दोन ठिकाणच्या फाईली आपोआप सारख्या ठेवणाऱ्या सोयीलाच पुष्कळ जण राखीव प्रत समजतात. तुम्ही मोबाईलमधून चुकून गाणे पुसले की ती सोय तेथलेही गाणे तत्परतेने पुसते.

याउलट हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्या पाहा. एक लाखाहून अधिक ओव्या शब्दरूपाने उतरवल्या गेल्या, आणि १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. ते डॅट नावाच्या अंकीय फितीवर केलेले होते. सोनी कंपनीने या फितीची यंत्रे बनवणे २००५ साली थांबवले. फिती तशाच कपाटात राहिल्या असत्या तर त्या वाजवणार कशावर? पण २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या ओव्या शब्द, आवाज आणि भाषांतरासह प्रसिद्ध होऊ लागल्या. माझ्या मते तो संग्रह जिवंत राहिला तो याच कारणाने. प्रत्येक वेळी ओवी प्रसिद्ध करायची म्हणजे मुद्रण शोधायचे, उघडायचे, ऐकायचे आणि शब्दांशी ताडून पाहायचे. तपासणी वेगळी करावीच लागत नाही.

तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी, हे सूत्र तुम्ही ऐकले असेल. चांगले आहे, पण त्यात 'ऐकून पाहा' हे शब्दच नाहीत. शाळेतही 'बॅकअप म्हणजे काय' हा प्रश्न दोन गुणांची व्याख्या लिहून सुटतो. हा प्रयोगाचा विषय आहे, व्याख्येचा नव्हे, आणि त्याला प्रयोगवहीत जागा मिळाली पाहिजे. हजार गाणी कोण ऐकत बसणार, ही तक्रार येईल. त्याचे उत्तर गणितात आहे. समजा हजारांपैकी ५० गाणी खराब आहेत. चिठ्ठ्या टाकून २० गाणी निवडून ऐकली तर एकही खराब गाणे हाती न लागण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. ६० गाणी ऐकली तर तीच शक्यता ५ टक्क्यांच्या आत येते. वर्गातील ६० मुलांनी एकेक गाणे ऐकले तर एक तासिका पुरेशी आहे.

हा प्रयोग करताना दोन पथ्ये पाळा. प्रत उतरवायची ती ज्या संगणकावर ही गाणी कधी नव्हती अशा संगणकावर, आणि उतरवणारा विद्यार्थी प्रत घेणाऱ्याहून वेगळा असावा. त्याला तोंडी मदत करू नका, केवळ लिहून ठेवलेल्या सूचना द्या. सूचना अपुऱ्या असतील तर तेही त्याच वेळी कळेल. प्रयोगवहीत तारीख, संगणक, ऐकलेल्या गाण्यांची संख्या, न वाजलेली गाणी आणि प्रत्येकाचे कारण लिहा. पत्ता चुकला, नाव जुळेना, फाईल अर्धवट, की प्रतीत आलीच नाही? न वाजलेल्यांत एखाद्या आजींची ओवी निघाली आणि त्या आजी गावात असतील, तर कारण शोधण्याचे काम दुसऱ्या दिवसावर ठेवून त्याच संध्याकाळी मोबाईल घेऊन त्यांच्याकडे जा.